रागाला वेळ किती द्यायचा?

वर्तमानपत्राच्या गुन्ह्यांच्या पानावर दोन शब्दप्रयोग हमखास भेटतात. नवऱ्याने बायकोच्या डोक्यात वरवंटा घातला, तर बातमीत ‘रागाच्या भरात’ असते. कुठे दगडफेक झाली, दुकाने जळाली, की संध्याकाळच्या आत कोणी मंत्री किंवा विरोधी पुढारी ‘हा पूर्वनियोजित कट होता’ असे सांगून मोकळा होतो. दोन्ही वाक्ये तपासाआधीची असतात. पंचनामा व्हायचा असतो, साक्षी नोंदवायच्या असतात, तरी आरोपीच्या मनात काय होते हे ठरून गेलेले असते. आणि ते ठरते ठरावीक वळणानेच. घरात मारणाऱ्याला राग आलेला असतो. रस्त्यावर आपल्याला नको असलेल्या माणसांनी कट केलेला असतो.

ही केवळ भाषेची ढिलाई असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण कोणाच्या रागाला सहानुभूती मिळावी आणि कोणाच्या हाती बेड्या पडाव्यात, हे या शब्दांनी ठरू लागते. पोलीस तेच वर्तमानपत्र वाचतात, साक्षीदारही वाचतात.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू, कारण याबाबत सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे. ठरवून मारले तर ‘तीनशे दोन’ आणि भांडणात मेला तर ‘तीनशे चार’, अशी आपल्याकडची समजूत आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, कलमांचे आकडे १०३ आणि १०५ झाले, तरी समजूत तीच राहिली. ती चुकीची आहे. खून ठरण्यासाठी आधी आखणी झालेली असावी, अशी अट आपल्या कायद्यात १८६० पासून कधीच नव्हती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये खुनाच्या पायऱ्या पाडल्या आणि आखून केलेला खून वरच्या पायरीवर ठेवला. पुढे तिथल्या बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग धरला. आपल्या दंड संहितेने तो धरला नाही. आपल्याकडे प्रश्न हेतूचा असतो, आणि हेतू वार करण्याच्या क्षणीसुद्धा जन्मू शकतो.

हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहून ते सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५८ मध्ये त्यांच्यापुढे पंजाबातल्या विरसा सिंगचे प्रकरण आले. भाल्याचा एकच वार होता, पोटात. पण इतक्या जोराचा, की आतडी बाहेर आली. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी गेला. मारण्याचा हेतू नव्हता, असा बचाव होता. बोस यांनी दाखवून दिले, की जी जखम केली ती करायचीच होती आणि तशी जखम माणसाला सर्वसाधारणपणे मारायला पुरेशी आहे, एवढे सिद्ध झाले की खून सिद्ध झाला. वार करणाऱ्याने परिणामाचा विचार केला होता की नाही, हे पाहण्याची गरज नाही. आजही जिल्हा न्यायालयांत रोज या निकालाचा आधार घेतला जातो.

मग पूर्वनियोजन कायद्यात येते कुठे? दोनच ठिकाणी, आणि तेही अपवादांत. एक, स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडली गेली तेव्हा. दुसरे, अचानक पेटलेल्या भांडणात, संतापाच्या भरात मारामारी झाली तेव्हा. आणि इथेही आणखी अट आहे, की मारणाऱ्याने गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रौर्य केलेले नसावे. म्हणजे ‘भांडण झाले होते’ एवढ्याने भागत नाही. समोरचा रिकाम्या हाताचा आणि आपल्या हाती कोयता, तर भांडण कितीही अचानक असो, हा अपवाद सहसा मिळत नाही. याशिवाय गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा वेगळा अपवाद आहे. त्यात पूर्वनियोजन हा शब्द नाही, पण ‘आकस्मिक’ हा आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे. त्याकडे पुढे वळू.

या चिथावणीच्या अपवादावर लढला गेलेला देशातला सर्वांत गाजलेला खटला मुंबईचा आहे. नानावटी खटल्यावर चित्रपट आले, मालिका आल्या, आणि त्यांनी त्या दुपारचा तपशील पुसट करून टाकला. तो पुन्हा पाहण्यासारखा आहे.

२७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी सकाळी पत्नीबरोबर आजारी कुत्र्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मेट्रो सिनेमाची दुपारची तिकिटे काढली, क्रॉफर्ड मार्केटला जाऊन घरी आले. जेवणानंतर पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजाऱ्यांच्या एका मुलाला गाडीतून मेट्रोला सोडले, सहा वाजता न्यायला येतो म्हणून सांगितले. तिथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण देऊन त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या मागून घेतल्या. रिव्हॉल्व्हर तपकिरी पाकिटात घातले. आहुजाच्या कचेरीत गेले; तो तिथे नव्हता. मग त्याच्या घरी गेले, नोकराने दार उघडले, ते सरळ शयनगृहात शिरले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तीन गोळ्या सुटल्या. झटापटीत गोळी सुटली, हा मुख्य बचाव. पण नुकत्याच आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या अंगावरचा टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता.

ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य करणे अशक्य वाटले, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचा युक्तिवाद साधा आहे. दीडच्या सुमारास घर सोडले, चार वीसला गोळ्या झाडल्या. मधल्या जवळजवळ तीन तासांत भान परत यायला पुरेसा अवकाश होता. आणि ते आले होते, हे त्यांच्या वागण्यातूनच दिसते: ज्याला बायकोमुलांची सोय लावायचे सुचते, शस्त्र मिळवायला पटेल असे कारण सांगायचे सुचते, एका पत्त्यावर माणूस सापडला नाही म्हणून दुसऱ्यावर जायचे सुचते, त्याची विचारशक्ती शाबूत असते. न्यायालयाने नानावटींच्या मनात डोकावण्याचा दावा केला नाही. त्यांनी एकामागून एक काय केले, ते ओळीने मांडले. पूर्वनियोजन शोधण्याची याहून चांगली रीत नाही.

त्या वेळी मुंबईतले लोक मात्र नानावटींच्या बाजूने होते. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने मोहीम चालवली, राज्यपालांनी आधी शिक्षा स्थगित केली आणि १९६४ मध्ये माफीही मिळाली. जहाज, पाकीट, अहमदनगरची थाप हे सगळे खटल्यात आलेले होते, वर्तमानपत्रांतून छापूनही आले होते. तरीही लोकांच्या लेखी तो संतापाच्या भरातला गोळीबारच राहिला. ज्याचा राग आपल्याला पटतो, त्याची आखणी आपल्याला दिसेनाशी होते. गणवेशातला, सभ्य घरातला, फसवला गेलेला नवरा लोकांना पटला.

साठ वर्षांनंतर यात किती फरक पडला? ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटमध्ये एक तरुण प्राध्यापिका सकाळी बसमधून उतरून कॉलेजकडे चालली होती. तिच्या येण्याजाण्याची वेळ माहीत असलेल्या माणसाने वाटेत गाठून तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवले. आठवडाभर झुंजून १० फेब्रुवारीला ती नागपुरात गेली. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. पण त्या आठवड्यात आपल्याकडच्या मथळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले शब्द कोणते होते? ‘एकतर्फी प्रेमातून’. पेट्रोल घेऊन, वेळ साधून, वाटेवर थांबणे यात प्रेम कुठे आणि भर कुठे? ॲसिडचेही तसेच. ते कोणाच्या खिशात सहज नसते. दुकानात जाऊन मागावे लागते, पैसे द्यावे लागतात, बाटली सांभाळून न्यावी लागते, तोंड झाकून दुचाकीवरून यावे लागते. म्हणूनच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड विकताना ओळखपत्र आणि खरेदीचे कारण नोंदवण्याची सक्ती केली. विक्रीच्या वेळीच आखणी पकडता येते, एवढे न्यायालयाला दिसले. बातमी लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, आणि ‘नकार सहन न झाल्याने’ असे लिहून तो मोकळा होतो. त्या शब्दरचनेत नकार देणारी मुलगी घटनेचे कारण होऊन बसते.

जातीच्या बाबतीत तर न्यायालयांचाही तोल गेलेला आहे. मुंबईतल्या एका घरातली मुलगी परजातीच्या, परप्रांतातल्या तरुणाशी लग्न करून गेली. २००४ मध्ये तिच्या भावाने साथीदार जमवले, हत्यारे घेतली, रात्री त्या घरात शिरून तिच्या नवऱ्यासह चौघांना मारले. खालच्या न्यायालयाची आणि उच्च न्यायालयाची फाशी डिसेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून दीर्घ मुदतीची कैद दिली. फाशी टळली याचे दुःख नाही. फाशीला आमचा विरोधच आहे. आक्षेप कारणाला आहे. धाकट्या बहिणीने असे लग्न केले की समाज थोरल्या भावाला जाब विचारतो, तो चुकीच्या पण प्रामाणिक जातभावनेचा बळी ठरला, असा विचार निकालात केला गेला. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने ज्या बाबींना शिक्षा वाढवणाऱ्या म्हणून महत्त्व दिले, त्यांत आधी आखून केलेल्या अतिक्रूर खुनाचा क्रम पहिला आहे. चार माणसांना मारायला माणसे आणि हत्यारे जमवून जाणे याहून आखीव काय असते? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने अशा हत्यांबाबत अगदी उलट, अतिकठोर भूमिका घेतली. पण २००९ च्या निकालाने दिलेला धडा गावोगाव पोहोचायचा तो पोहोचला: जात दुखावली गेली असेल तर आखणीलाही ‘भावना’ म्हणता येते.

आता दुसऱ्या टोकाकडे, ‘पूर्वनियोजित कटा’कडे. हा शब्द जबाबदारीने कसा वापरावा याचा नमुना महाराष्ट्रातच आहे, आणि तो आपण कपाटात ठेवून दिला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने पाच वर्षे काम केले. मध्येच राज्य सरकारने आयोग गुंडाळला, काही महिन्यांनी त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले. १९९८ मध्ये आलेल्या अहवालाने दंगलीच्या दोन टप्प्यांना एकच विशेषण लावले नाही. डिसेंबरची दंगल ही बाबरी मशीद पाडल्याने संतापलेल्या, नेतृत्वहीन जमावांची उत्स्फूर्त प्रतिक्रिया म्हणून सुरू झाली. ती कोणत्या संघटनेने घडवल्याचा पुरावा मिळाला नाही, असे आयोगाने लिहिले. ८ जानेवारीपासूनच्या हल्ल्यांत मात्र शिवसेना आणि शिवसैनिक संघटितपणे पुढे होते, असा निष्कर्ष काढला. एकाच शहरात, महिन्याभराच्या अंतराने घडलेल्या दोन हिंसाचारांना आयोगाने वेगवेगळे नाव दिले, आणि दोन्ही वेळा पुरावा काय सांगतो तेवढेच म्हटले. तेव्हाच्या सरकारने अहवालाचे मुख्य निष्कर्ष फेटाळले.

त्यानंतर आपण उलट दिशेला चाललो. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हिंसाचाराबद्दल आठवडाभरात दोन परस्परविरोधी कटकथा पोलीस ठाण्यांत नोंदल्या गेल्या. त्यांपैकी एकीच्या आधारे माणसे वर्षानुवर्षे खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात राहिली आणि ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कैदेतच गेले. कट झाला असेल तर तो न्यायालयात सिद्ध करावा. माणूस मरेपर्यंत त्याचा नुसता उच्चार करत राहणे हा अन्याय आहे.

आणि जिथे कट होता याबद्दल कोणालाच शंका नाही, तिथे काय झाले? २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. ते कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने फिरायला जातात, हे मारेकऱ्यांना ठाऊक होते. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले. त्यांत सूत्रधार म्हणून ज्याच्यावर आरोप होता तोही होता. हत्या नीट आखून झाली, पण आखणारे डोके या दोघांचे नव्हे आणि तपासयंत्रणा त्या डोक्यापर्यंत पोहोचली नाही, असे न्यायालयानेच म्हटले. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. एवढी आखणी कोणीतरी केलीच होती. कोणी, हे एकोणीस वर्षांनी न्यायालयापुढे सिद्ध झालेले नाही. ‘पूर्वनियोजित’ म्हणण्याचा खरा अधिकार ज्या यंत्रणेला मेहनतीने कमवायचा असतो, तिने तो कमवलेला नाही, आणि पुढारी तो फुकट वापरत आहेत.

आखणीचा ठपका सोयीच्या जागी ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. अठरा वर्षांचा पोरगा काका रघुनाथरावांकडे धाव घेत होता. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, ही दंतकथा मराठी घराघरांत पोहोचली. पण ती खरी मानली तरी काय उरते? सुमेरसिंगाचे गारदी पगाराच्या थकबाकीने बिथरलेले होते, त्यांना हाताशी धरले गेले होते, पेशव्याला पकडायचे म्हणून सशस्त्र माणसे वाड्यात घुसवायचे ठरले होते. शस्त्रधारी माणसे एखाद्याच्या घरात घालताना तिथे रक्त सांडू शकते हे ठाऊक असतेच. दंतकथेने ही सगळी पुरुषांची आखणी एका बाईच्या लेखणीवर ढकलली आणि बाकीच्यांचा भार हलका केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी तसे केले नाही. त्यांनी चौकशी केली आणि रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले.

आता तो ‘आकस्मिक’ हा शब्द, ज्यासाठी मुख्यतः हे स्फुट लिहावेसे वाटले. नानावटींच्या बाबतीत न्यायालयाने घड्याळ लावले ते योग्यच होते. पण तेच घड्याळ सर्वांना सारखे लागू पडत नाही. अंगात ताकद असलेल्या पुरुषाला संताप आला की तो त्याच क्षणी मारू शकतो. हात पुरतो, लाथ पुरते, जवळ पडलेली काठी पुरते. त्याच्या रागाला वेळ लागत नाही म्हणून कायद्याला तो आकस्मिक दिसतो. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या बाईला त्या क्षणी उलट वार करता येत नाही. केला तर तीच मरेल. ती थांबते. तो झोपेपर्यंत, दारू चढून आडवा होईपर्यंत थांबते. हे थांबणे कायद्याच्या लेखी शांत डोक्याने केलेली आखणी ठरते. मारणारा जितका बलवान, तितके त्याला ‘रागाच्या भरात’ हे शब्द मिळण्याची शक्यता जास्त, आणि मार खाणारी जितकी दुबळी, तितकी ती ‘थंड डोक्याची’. हा न्याय होऊ शकत नाही.

पंजाबातून लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या किरणजित अहलुवालियाची कहाणी या संदर्भात प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. दहा वर्षे नवऱ्याची मारहाण, चटके, बलात्कार सोसले. मे १९८९ च्या एका रात्री त्याने तिला मारहाण केली, तापलेली इस्त्री चेहऱ्याला लावण्याचा प्रयत्न केला. तो झोपल्यावर तिने त्याच्या अंथरुणावर पेट्रोल टाकून पेटवले. काही दिवसांनी तो मेला. डिसेंबर १९८९ मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली, कारण मार आणि आग यांच्यामध्ये काही तास गेले होते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने लढा दिला. १९९२ मध्ये अपील मंजूर झाले, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मान्य झाला आणि ती तुरुंगातून सुटली. अपील न्यायालयाने तेव्हाही ‘आकस्मिक’ ही अट सोडली नव्हती. दीर्घ छळाने तिची मानसिक अवस्था बिघडली होती या वेगळ्या आधारावर तिला दिलासा मिळाला. ती अट काढायला ब्रिटनला २००९ चा कायदा करावा लागला. मनावरचा ताबा सुटणे आकस्मिक होते की नाही याने फरक पडत नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

आपल्या न्यायालयांना हे अगदीच सुचले नाही असे नाही. नानावटी निकालातच म्हटले आहे, की मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, ती चिथावणी ठरवताना विचारात घेता येते. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. नवऱ्याच्या छळाला कंटाळून एका बाईने मुलांसह विहिरीत उडी घेतली होती. मुले मेली, ती वाचली आणि तिच्यावर खुनाचा गुन्हा लागला. तमिळ लोककथेतल्या, मुलांसह विहीर जवळ करणाऱ्या नल्लतंगाळची आठवण करून देत न्यायालयाने दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणी हा विचार स्वीकारला. अशी बातमी महाराष्ट्राला नवी नाही. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात ती येत राहते, आणि वाचलेल्या आईवर गुन्हा दाखल झाल्याची ओळ शेवटी असते. त्या विहिरीपर्यंत चालत जाताना तिने विचार केला होता का, हा प्रश्न सरकारी वकील विचारू शकतो. ती तिथवर का आली, हा प्रश्नही न्यायालयापुढे आलाच पाहिजे, आणि तो एखाद्या न्यायाधीशाच्या सहृदयतेवर सोडून चालणार नाही. खेड्यातल्या बाईचा खटला सत्र न्यायालयात चालतो, बहुधा मोफत मिळालेल्या वकिलाच्या भरवशावर. मद्रासचा निकाल तिथे कोण शोधून काढणार?

कोणी म्हणेल, साचत गेलेली चिथावणी कायद्याने मान्य केली तर सूड घेणाऱ्या प्रत्येकाला पळवाट मिळेल. मिळणार नाही, कारण चिथावणी सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच राहतो, छळाचा इतिहास पुराव्याने दाखवावा लागतो आणि अपवाद मिळाला तरी माणूस सुटत नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची शिक्षा होते. नानावटींनाही या बदलाचा फायदा झाला नसता. त्यांना कोणी दहा वर्षे मारलेले नव्हते.

बातमीदारांना आणि संपादकांना एक विनंती आहे. ‘रागाच्या भरात’, ‘एकतर्फी प्रेमातून’, ‘पूर्वनियोजित कट’ हे शब्द न्यायालयाच्या निकालापर्यंत बाजूला ठेवा. माणसाने काय विकत घेतले, कुठून आला, किती वेळ थांबला, कोणाला बरोबर आणले, एवढे लिहा. वाचकाला आखणी आपोआप दिसेल, नसेल तर तेही दिसेल. मंत्र्याने कट म्हटले तर पुरावा विचारा आणि पुरावा दिला नाही हेही छापा.

संसदेकडे मागणी वेगळी आहे. १८६० चा कायदा मोडून नवा, भारतीय कायदा केल्याचे २०२३ मध्ये सांगितले गेले. त्या नव्या संहितेच्या कलम १०१ मधला चिथावणीचा पहिला अपवाद जुन्या कलम ३०० मधून जसाच्या तसा उतरवला आहे, ‘आकस्मिक’सह. हा शब्द काढून त्या जागी दीर्घकाळच्या छळाचा स्पष्ट उल्लेख करणारी दुरुस्ती आणावी. महाराष्ट्रातल्या ४८ लोकसभा खासदारांपैकी मंत्री नसलेल्या कोणालाही खासगी विधेयक म्हणून ती मांडता येईल.